पहिल्या अकरा फायली

आमच्या घरात एक्स-रे हा शब्द मी शाळेत जायला लागायच्या आधीपासून होता. बाबा परळच्या एका रुग्णालयात एक्स-रे विभागात अटेंडंट होते. पेशंटला टेबलावर नीट झोपवायचं, अंगावरचे दागिने काढायला लावायचे, प्लेट सरकवायची आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन फिल्म धुवायची, हे त्यांचं काम. घरी आले की त्यांच्या अंगाला त्या औषधाचा आंबूस वास यायचा आणि आंघोळ होईपर्यंत आई त्यांना कशालाही हात लावू द्यायची नाही. काळाचौकीच्या आमच्या खोलीची गॅलरीकडची एक काच फुटली होती, ती बाबांनी निकामी फिल्म चिकटवून झाकली होती, त्यामुळे सकाळचं ऊन कुणाच्या तरी बरगड्यांमधून घरात यायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे, पाहुणे मात्र चहा पिताना तिकडे पाठ करून बसत. बाबांच्या विभागात एक जाडजूड रजिस्टर होतं. फिल्म धुवायच्या आधी त्यात नाव, नंबर आणि डावा की उजवा ते लिहायचं. एकदा एका नव्या माणसाने ‘नंतर लिहितो’ म्हणून ते ठेवून दिलं आणि एका म्हातारीच्या धडधाकट पायाला प्लास्टर बसलं, ही गोष्ट बाबा इतक्यांदा सांगत की ते सुरू झाले की आई उठून तांदूळ निवडायला बसायची. पुढे मी ताऱ्यांकडून येणाऱ्या क्ष-किरणांवर पीएचडी करायचं ठरवलं, तेव्हा बाबांना भरून आलं. म्हणाले, “म्हणजे आपलंच खातं की गं!” त्यांचा हा समज मी कधी दूर केला नाही. खरं म्हणजे तो फारसा चुकीचाही नव्हता.

मी ज्यांचा अभ्यास करत होते ते दोन मेलेले तारे होते. एकेकाचा व्यास कुलाब्यापासून सांताक्रूझपर्यंत जाईल एवढा, आणि वजन सूर्याहून जास्त. न्यूट्रॉन तारे म्हणतात त्यांना. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात आणि त्यांतला एक स्वतःभोवती गरगर फिरताना क्ष-किरणांचे ठोके टाकत राहतो. हवा हे किरण अडवते, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवून अवकाशात पाठवावी लागते. लोकांना वाटतं आम्ही डोळा लावून काहीतरी बघतो. आमच्या वाट्याला यायच्या त्या नुसत्या याद्या. किरणाचा हा कण अमुक सेकंदाला आला, पुढचा तमुक सेकंदाला. त्या याद्यांमधून ठोका शोधायचा, तो कधी लवकर येतो, कधी उशिरा येतो ते बघायचं आणि त्यावरून ते दोघे कसे फिरतात ते काढायचं. आमचे तारे इतके फिकट होते की एका फायलीत जेमतेम काहीशे कण हाती लागत. आई विचारायची, “आज काय गावला?” मी म्हणायची, “तीनशे कण.” “चमचाभर साखरेपेक्षा कमीच गो,” म्हणत ती पुढ्यात घावणे वाढायची.

या कामाला आम्ही दोघी होतो, मी आणि रेश्मा. रेश्मा वरळी कोळीवाड्यातली. तिची आई दादरला मासळी विकायची. दक्षिण मुंबईतल्या आमच्या संस्थेत (तिचं नाव इथे नको) बहुतेक मुलं कॉन्व्हेंटची, बाहेरगावची, इंग्रजीत हसणारी. आम्ही दोघी पहिल्याच आठवड्यात डब्यावरून एकमेकींना सापडलो. तिने डबा उघडला, सुक्या जवळ्याचा वास खोलीभर झाला, शेजारच्या टेबलावरच्या मुलाने खिडकी उघडली, तशी ती मोठ्याने म्हणाली, “उघड उघड, समुद्रालापण कळू दे आपला माल कुठंय तो.” मी माझा बांगड्याचा डबा तिच्यापुढे सरकवला. तेव्हापासून शनिवारी काम आटपलं की ती आमच्या घरी यायची. आईसाठी कागदात गुंडाळून मांदेली आणायची आणि गॅलरीत बसून बाबांशी गप्पा मारायची. खाली मंडळाच्या पोरांची बेंजोची तालीम चालू असायची, शेजारच्या काकूंचा मिक्सर, कुणाच्या तरी दारात नळावरून भांडण. या सगळ्यात ती मांडीवर कागद घेऊन गणित करायची. मला शांतता लागायची, तिला काहीच लागायचं नाही. हुशारीत ती माझ्या दोन पायऱ्या वर होती. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि तेव्हाही सहन होत नव्हतं. आज हे लिहायला सोपं जातं आहे, कारण आता कुणी माझी तुलना तिच्याशी करत नाही.

आता घड्याळाबद्दल सांगायला हवं. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बाबांनी मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं, कामावर उशीर होऊ नये म्हणून. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, तेव्हा जो तो मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायचा. पण एकाने वजा करून दुसऱ्याला वेळ सांगितली आणि त्यानेही पुन्हा वजा केली की हमखास घोळ व्हायचा. उपग्रहावरच्या घड्याळाचंही तसंच. तेही थोडं मागेपुढे जातं, फक्त तिथे मिनिटांऐवजी सेकंदाचे हजारावे भाग असतात. जमिनीवरची मंडळी त्याचा तक्ता पाठवत, आणि आम्ही प्रत्येक फायलीतल्या वेळा त्याप्रमाणे दुरुस्त करायचो, एकदाच. म्हणून आमच्या गाइड सरांचा नियम होता की टेबलावर एक वही असेल, ती खोलीबाहेर जाणार नाही, आणि ज्या फायलीला जिने जे केलं ते तिने तिथल्या तिथे लिहायचं. आता फाइल स्वतःच सांगते की तिची दुरुस्ती झाली आहे, माझ्या विद्यार्थ्यांना तर वही म्हणजे काय तेही समजवावं लागतं. आमच्या त्या जुन्या प्रोग्रॅमला तेवढी अक्कल नव्हती. दिली फाइल की तो मुकाट दुरुस्त करायचा, मग ती आधी झालेली असो वा नसो.

पहिल्या अकरा फायली आल्या त्या गणपतीच्या तोंडावर. आमच्याकडे गणपती म्हणजे गावाला जायचंच. मुंबईत तुम्ही कुणीही असा, चतुर्थीच्या आधी तुम्हाला कणकवलीच्या पुढे उतरलंच पाहिजे. चाळीतून दोन गाड्या सुटायच्या. दुपारी बाराला गाडी होती आणि साडेदहाला मी अजून संस्थेत होते. बाबांचे सात फोन येऊन गेले. आठव्याला ते म्हणाले, “तुझ्यासाठी गाडी नाय थांबणार हां. गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान घेऊन आई खाली उभी आहे. तुझे ते तारे पळून जातात काय?” मला जाण्याआधी ते काम हातावेगळं करायचं होतं, कारण नाहीतर रेश्मा करणार आणि पहिला आकडा तिच्या हातून निघणार. मी प्रोग्रॅम लावला. दुरुस्त झालेल्या फायली त्याच नावाने ठेवल्या, नवं नाव द्यायला वेळ नव्हता. वही उघडली, त्या दिवसाची तारीख टाकली, “अकरा फायली आल्या” एवढं लिहिलं. तेवढ्यात नववा फोन आला. मी वही मिटली आणि टॅक्सीसाठी धावत सुटले. गावाला अकरा दिवस आरत्या म्हटल्या, काळ्या वाटाण्याची आमटी ओरपली, आणि त्या वहीची एकदाही आठवण झाली नाही.

मी नसताना पुढच्या फायली येत राहिल्या. रेश्माने वही बघितली. दुरुस्तीची नोंद नाही, म्हणजे दुरुस्ती झालेली नाही, असंच कुणीही समजेल. तिने सगळ्या फायली एकदम दुरुस्त केल्या आणि तसं नीट लिहून ठेवलं. मी परत आल्यावर तिने मला विचारलं, “त्या अकरांना तू काही केलेलंस काय गो?” मी आणलेले मोदक वाटत होते. “नाही गं,” म्हटलं, “वेळ कुठे होता?” मी खोटं बोलत नव्हते. मला आठवतच नव्हतं. या क्षणापर्यंत मी नुसती धांदरट होते, आणि तेवढीच राहिले असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

पुढच्या काही महिन्यांत आमच्या आकड्यांत एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. पहिल्या अकरा फायलींमधले ठोके हलकेच सरकलेले होते. जणू ती जोडी सबंधच्या सबंध कुणाकडे तरी ओढली जात होती. रेश्माला ते पटत नव्हतं. ती म्हणत राहिली, “अकराच फायलीत का? ओढणाऱ्याला काय आपल्या फायलींचे नंबर ठाऊक आहेत?” पण सर उत्साहात होते आणि मी त्यांच्याहून जास्त. तिसरा तारा! सरांनी परदेशातल्या परिषदेत ते मांडलं, पेपरात चार ओळी आल्या, आणि प्रजासत्ताक दिनाला चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेत माझा सत्कार झाला. मंडळाचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, “आपल्या चाळीच्या कन्येने आकाशात तिसरा तारा शोधून काढलेला आहे, पहिले दोन कोणी शोधले ते मला माहीत नाही.” लोक हसले. शाल, नारळ, पेढ्यांचा पुडा. बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि ते हसले नाहीत. त्यांचे डोळे पुसून लाल झालेले मला मंचावरून दिसत होते. रेश्माही आली होती, मागे बायकांत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या देशातल्या एका गटाने त्यांच्या दुर्बिणीतून तीच जोडी तपासली. त्यांना तिसरा कोणी सापडला नाही. सरांनी उपग्रहाच्या केंद्राकडून मूळ फायली पुन्हा मागवून बाहेरच्या एका माणसाकडून पहिल्यापासून तपासून घेतल्या, आणि त्याचं उत्तर एका शुक्रवारी दुपारी आलं. पहिल्या अकरा फायलींची घड्याळ-दुरुस्ती दोनदा झाली होती. सर बाहेरगावी होते. त्यांनी आम्हा दोघींना एकच ओळ पाठवली, की सोमवारी येऊन मी वही बघणार आहे. ते वाचलं आणि मला नववा फोन आठवला. टॅक्सी, माटवीचं सामान, सगळं आठवलं. त्या क्षणी मी पहिला विचार केला तो ताऱ्यांचा नाही, सरांचा नाही, त्या शालीचा केला. आईने ती कपाटात वर, माझ्या पदवीच्या कागदांवर घडी करून ठेवली होती.

शनिवारी सकाळी मी संस्थेत गेले. झाडूवाल्या मावशी जिन्यात होत्या, खोलीत कुणी नव्हतं. माझ्या नोंदीखाली मी सवयीने थोडी जागा सोडत असे. त्या जागेत मी लिहिलं, “अकराही फायलींची घड्याळ-दुरुस्ती केली.” अक्षर माझंच, मजकूर तर शब्दनशब्द खरा. मी स्वतःला हेच सांगत होते, की मी काही खोटं लिहिलेलं नाही, जे केलं तेच लिहिलं आहे, फक्त उशिरा. पण त्या ओळीच्या लगेच खाली रेश्माची नोंद होती, “सर्व फायलींची घड्याळ-दुरुस्ती केली”, आणि आता ती वाचताना एकच अर्थ निघत होता. मावशी आत आल्या, म्हणाल्या, “आज सुट्टीचापण अभ्यास काय?” मी हसले. मला हसता आलं, याची मला अजून लाज वाटते.

सोमवारी सरांनी आम्हा दोघींसमोर वही उघडली. त्यांनी माझी ओळ वाचली, मग रेश्माची. वही तिच्याकडे फिरवली. “हे तू पाहिलं नव्हतंस?” रेश्मा वाकून बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ती वाट बघत होती, एवढंच मला दिसलं, आणि मी टेबलाच्या कडेकडे बघायला लागले. “माझ्या नजरेतून सुटलं असेल, सर,” ती म्हणाली. सर म्हणाले, “सुटलं असेल? यावरून मी जगासमोर तोंडघशी पडलो, रेश्मा. शुक्रवारी समितीची बैठक आहे. तुझ्या फेलोशिपची मुदतवाढ त्यांच्यापुढे आहे. मी काय सांगायचं त्यांना?” तिने वही मिटली आणि त्यांच्याकडे सरकवली. सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्यापुढे वही होती, आणि त्यांनी वहीवर विश्वास ठेवला.

त्या आठवड्यातल्या घरच्या जेवणाची मला चव आठवत नाही. दुरुस्ती दोनदा झाल्याचं माझ्याकडून ऐकून सोमवारीच बाबांनी विचारलं, “नोंद कोणी केली नव्हती?” मी म्हटलं, “नोंद होती. रेश्माने वाचली नाही.” बाबांचा घास हातातच राहिला. “आरे देवा,” म्हणाले. “पोरगी तशी नाय गं. होतं कधीकधी. पण तू तिच्या बाजूने बोल हां. साहेबाला सांग, माणूस आहे, चुकतो. तू बोललीस तर ऐकतील.” मी हो म्हटलं. आई म्हणाली, “शनिवारी तिका घेवन ये. बांगड्याचा तिखला करतंय. तेवढाच पोरीक बरा वाटात.” मी त्यालाही हो म्हटलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. रेश्मा रोज यायची, शेजारी बसायची, डबा उघडायची. गुरुवारी तिने विचारलं, “तुला काही बोलायचंय काय?” मी म्हटलं, “कशाबद्दल?” तिने डब्याला झाकण लावलं. शुक्रवारी समितीने तिची मुदतवाढ नाकारली, कारण लिहिलं ‘हलगर्जीपणा’. शनिवारी आईने केलेलं तिखलं आम्ही तिघांनीच खाल्लं. बाबांना मी सांगितलं की मी तिच्या बाजूने खूप बोलले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाबा गेले ते हेच खरं मानून गेले.

तिसऱ्याशिवायच्या त्या जोडीचा शोधनिबंध पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. पहिलं नाव माझं होतं. रेश्माचं नाव शेवटी, आभारांत, ज्या माणसाने आम्हाला प्रिंटर दुरुस्त करून दिला त्याच्या नावाशेजारी. त्या निबंधावर मला पुढची नोकरी मिळाली, आणि त्या नोकरीवर पुढचं सगळं. आमची चाळ आता नाही, तिच्या जागी टॉवर आहे आणि मी त्यात बाविसाव्या मजल्यावर राहते. आई शेवटपर्यंत विचारायची, “तुझी ती कोळणीची पोर येता नाय ती? भांडलात काय?” मी म्हणायची, “लग्न झालं असेल तिचं.” दर वेळी एवढंच.

बाबांच्या मागे आईही गेली, त्या वर्षी मी रेश्माला शोधून काढलं. दादरला तिचा बारावीच्या गणिताचा क्लास आहे. जिन्यात चपलांचा ढीग, आत चाळीसेक मुली. तिने मला दारात पाहिलं आणि हाताने ‘बस’ म्हणून खूण केली. क्लास सुटल्यावर आम्ही खालच्या हॉटेलात गेलो. तिचे केस सगळे पांढरे झाले होते, रंगवले नव्हते. मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, “ती ओळ मी नंतर लिहिली होती.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. तिने दोन कॉफी सांगितल्या. “वही बाहेर न्यायची नाही म्हणून मी पानांचे फोटो काढून स्वतःला मेल करायची. घरी काम करायला. तू गावाला असतानाचं पान आहे माझ्याकडे. तुझ्या नोंदीखाली कोरं आहे.”

मी विचारलं, “मग दाखवलंस का नाहीस?”

“शुक्रवारपर्यंत वाटत होतं, तू सांगशील. मी दाखवलं असतं तर तू चोर ठरली असतीस, तू सांगितलं असतंस तर नुसती वेंधळी. म्हणून थांबले.” कॉफी आली. तिने साखर ढवळली. “शुक्रवारनंतर मग रागच आला. तुझा नाय, सगळ्याचाच. म्हटलं, जिथे हिच्यासारखी आपली माणसं अशी होतात तिथे राहून काय करू? आईला सांगितलं, कंटाळा आला. बस.”

मी म्हटलं की मी सरांना लिहीन, संस्थेला लिहीन, निबंधावर तिचं नाव लावून घेईन. ती ऐकत होती, पण माझं नाही, रस्त्यावरचे हॉर्न ऐकावेत तसं. “नको गो,” म्हणाली. “काय करू त्याचं? माझं आता बारावीपुरतं गणित राहिलंय. बाकीचं वापरलं नाही, गेलं.” मग तिला काहीतरी आठवलं. “हां, ते दोघे एकमेकांभोवती किती वेळात फिरायचे गं? परवा एका मुलीने ताऱ्यांबद्दल विचारलं, मी सांगायला गेले आणि आकडाच आठवेना. घरी जाऊनपण आठवेना.”

“नऊ तास बावन्न मिनिटं,” मी म्हटलं.

तो आकडा तिने काढलेला होता. कॉम्प्युटरने तोच आकडा द्यायच्या दोन दिवस आधी, आमच्या गॅलरीत बसून, ग्राफ पेपरवर पेन्सिलने, आणि मी शेजारी बसून आलेपाक खात होते. आज जगात जिथे जिथे तो आकडा छापला जातो तिथे त्याच्यापुढे माझं नाव असतं. रेश्माने पर्समधून पेन काढलं, हॉटेलच्या बिलाच्या मागे तो लिहून घेतला, बरोबर आहे ना म्हणून मला दाखवला, आणि मला थँक्यू म्हणाली.